‘रास तफारी’ म्हणजे नेमकं काय? एका इथिओपियन किताबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात हणजुणे-वागातोरच्या बाजारात हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या टोप्या आणि बॉब मार्लीचे टी-शर्ट टांगलेले असतात. ‘रास्ता’ हा शब्द आपल्याकडे बहुतेकांना कळतो तो असाच, कपड्यांवरून आणि गाण्यांतून. त्याच्यामागे इथिओपियाच्या दरबारातला एक जुना, लष्करी आणि फार मानाचा किताब आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. त्या किताबाबद्दल लोक हमखास जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

‘रस्ताफारी’ हा एक शब्द की दोन?

मुळात दोन. ‘रास’ हा किताब आणि ‘तफारी’ हे माणसाचं नाव. तफारी मकोन्नन या तरुण सरदाराला 1916 साली ‘रास’ किताब मिळाला आणि पुढची बारा वर्षं जग त्यांना ‘रास तफारी’ म्हणून ओळखत होतं. 1930 मध्ये ते इथिओपियाचे सम्राट झाले आणि त्यांनी ‘हैले सेलासी’ हे नाव धारण केलं. जमैकात त्यांना मानणाऱ्या ‘रस्ताफारी’, म्हणजेच ‘रास्ता’, पंथाच्या लोकांनी मात्र राज्याभिषेकाआधीचं नावच धरून ठेवलं.

‘रास’ या शब्दाचा अर्थ काय?

डोकं, शिर. इथिओपियाची प्राचीन धर्मभाषा गीझ आणि तिथली आजची मोठी भाषा अम्हारिक, दोन्हींत हा शब्द आहे. या भाषा अरबी आणि हिब्रूच्या कुळातल्या. अरबीत डोक्याला ‘रास’च म्हणतात, हिब्रूत ‘रोश’. ज्यूंचं नववर्ष ‘रोश हशाना’, म्हणजे शब्दशः वर्षाचं डोकं. दुबईच्या बाजूला नोकरी करणाऱ्या मराठी माणसांना ‘रास अल खैमा’ ठाऊक असतं. तिथे ‘रास’ म्हणजे समुद्रात घुसलेली जमीन, आणि आपणही तिला भूशिरच म्हणतो.

याच अरबी मुळापासून ‘रईस’ हा शब्द झाला आणि फारसी-उर्दूमार्गे आपल्यापर्यंत आला. आज आपण तो श्रीमंत माणसाला लावतो, मूळ अर्थ ‘प्रमुख’. मराठेशाहीतले ‘सरदार’, ‘सरनोबत’, ‘सरदेशमुख’ हे शब्दही आठवून पाहा. त्यांतला फारसी ‘सर’ म्हणजे डोकंच. म्हणून ‘रास’ला मराठीत जवळचा शब्द द्यायचाच झाला तर ‘सरदार’ हा आहे. फक्त इथिओपियात तो सरसकट कुणालाही लावत नसत. सम्राटाच्या खालोखालच्या मोजक्या लोकांनाच तो मिळे.

अम्हारिकमध्ये ‘रास’चा अर्थ ‘स्वतः’ असाही होतो. राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याला तिथे ‘एन्देरासे’ म्हणत, म्हणजे ‘जणू मी स्वतःच’. तफारींना 1916 मध्ये हे पदही मिळालं होतं. तेव्हा किताबातही ‘रास’ आणि पदातही ‘रास’.

आणि ‘तफारी’?

‘ज्याचा दरारा वाटतो असा’. भीती आणि आदर या दोन्ही छटा त्यात आहेत. हे त्यांचं जन्मापासूनचं नाव. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं नाव ‘हैले सेलासी’, अर्थ ‘त्रैक्याचं सामर्थ्य’. ख्रिस्ती धर्मात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं जे त्रैक्य मानतात, ते. इथिओपियातल्या मोठ्या सरदारांना त्यांच्या घोड्याच्या नावावरून मिळालेलं एक युद्धनामही असे. तफारींचं ‘अब्बा तकेल’. एकाच माणसाची अशी तीन नावं पुस्तकांतून आलटून पालटून येतात, त्यामुळे नवख्या वाचकाचा गोंधळ होतो.

रास म्हणजे राजा का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. राजाला ‘नेगुस’ म्हणतात आणि सम्राटाला ‘नेगुसा नगस्त’, म्हणजे राजांचा राजा. रास या दोघांच्या खाली.

त्याच्या खालची उतरंड पाहिली की हे सगळे किताब युद्धाच्या तळावर जन्मले हे लक्षात येतं. ‘देजाझमाच’ म्हणजे दाराचा सेनापती, राजाच्या तंबूच्या दारापाशी ज्याची फौज उभी राहते तो. ‘फितावरारी’ आघाडीचा, ‘केन्याझमाच’ उजव्या बगलेचा, ‘ग्राझमाच’ डाव्या बगलेचा. त्याखाली ‘बालंबारास’. इथिओपियाच्या उंच पठारावर चहूबाजूंनी ताशीव कडे आणि माथा सपाट असे डोंगर आहेत, त्यांना ‘अंबा’ म्हणतात. असा अंबा ज्याच्या ताब्यात तो बालंबारास. सह्याद्रीतल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरजच नाही, आपण त्याला किल्लेदार म्हणतो.

इंग्रजी पुस्तकांत रासचं भाषांतर ‘ड्यूक’ असं करतात. मला ते पटत नाही. रास आपल्या प्रांताचा सारा वसूल करी, न्यायनिवाडा करी, स्वतःची फौज बाळगी आणि नगारे वाजले की ती घेऊन लढाईवर जाई. 1 मार्च 1896 रोजी अडव्याच्या रणांगणावर इटलीच्या सैन्याचा धुव्वा उडाला तेव्हा सम्राट मेनेलिक दुसरे यांच्या बाजूने रास मकोन्नन, रास मंगेशा, रास मिकाएल, रास अलुला असे कितीतरी रास आपापल्या फौजांनिशी उभे होते. युरोपातल्या दरबारी ड्यूकचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर हे कळत नाही.

हा किताब बापाकडून मुलाकडे जायचा का?

आपोआप नाही. सम्राट तो देई. बड्या घराण्यांतल्या मुलांना तो मिळण्याची शक्यता जास्त असे हे खरं, पण नुसत्या कुळावर भागत नसे. रास अलुला शेतकऱ्याच्या घरात जन्मले होते. लढवय्येपणाच्या जोरावर ते रास झाले आणि जानेवारी 1887 मध्ये डोगाली इथे त्यांनी इटलीची सुमारे 500 जणांची तुकडी कापून काढली.

उलट तफारींचे वडील, हरारचे सुभेदार रास मकोन्नन, हे अडव्याचे नामांकित वीर आणि सम्राट मेनेलिक यांचे जवळचे नातलग. 1906 मध्ये ते वारले तेव्हा मुलगा पोरसवदा होता. त्याला देजाझमाचचा किताब होता. वडिलांचा ‘रास’ हा किताब मिळायला आणखी दहा वर्षं आणि एक सत्तापालट लागला.

रासच्या हातात खरोखर किती सत्ता असे?

काळावर अवलंबून. 1769 ते 1855 या काळाला इथिओपियात ‘झेमेने मेसाफिंत’ म्हणतात, म्हणजे सरदारांचं युग. टिग्रेचे रास मिकाएल सेहुल यांच्या कारकिर्दीपासून त्याची सुरुवात धरतात. सम्राट गोंदर या राजधानीत नावापुरता गादीवर असायचा आणि त्याला बसवायचं की उतरवायचं हे रास ठरवायचा. छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्याहून, हे ज्याने शाळेत वाचलंय त्याला ही रचना चटकन समजेल. फरक असा की गोंदरचे सम्राट फार झपाट्याने बदलले आणि काहींचा शेवट फार वाईट झाला. 1855 मध्ये कासा नावाच्या सरदाराने सगळ्यांना हरवून सम्राट तेवोद्रोस दुसरे म्हणून मुकुट घातला तेव्हा हे युग संपलं. पुढच्या सम्राटांनी रास मंडळींना जमेल तसं लगामात ठेवलं, पण प्रांत आणि फौजा त्यांच्याकडेच राहिल्या.

तफारी ‘रास’ कसे झाले आणि सम्राट कसे झाले?

हा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे.

सम्राट मेनेलिक 1913 मध्ये वारले. त्यांचा नातू लिज इयासू गादीवर आला, पण त्याला विधिवत मुकुट कधीच चढवला गेला नाही. पोराचा ओढा इस्लामकडे आहे, असा बोभाटा शेवा प्रांतातल्या सरदारांनी आणि चर्चने केला. 27 सप्टेंबर 1916 रोजी, मेस्केल म्हणजे क्रुसाच्या सणाच्या दिवशी, अदिस अबाबात इयासूला पदच्युत केल्याचं जाहीर झालं. मेनेलिक यांची मुलगी झौदितू सम्राज्ञी झाली. त्याच दिवशी 24 वर्षांच्या तफारींना तीन गोष्टी एकदम मिळाल्या: ‘रास’ हा किताब, गादीचा वारस हे स्थान आणि राज्याचा कारभार.

इयासूचे वडील नेगुस मिकाएल मुलासाठी वोलो प्रांतातून फौज घेऊन निघाले. महिनाभरात सगालेच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि नवी व्यवस्था टिकली.

पुढची बारा वर्षं तफारी रास म्हणूनच वावरले. 1923 मध्ये त्यांनी इथिओपियाला राष्ट्रसंघाचं सदस्यत्व मिळवून दिलं. 1924 मध्ये युरोपचा लांबलचक दौरा केला. वाटेत जेरुसलेममध्ये अनाथ आर्मेनियन मुलांचा वाद्यवृंद पाहिला आणि त्या चाळीस मुलांना सोबत अदिस अबाबाला नेऊन शाही बँड उभा केला.

ऑक्टोबर 1928 मध्ये झौदितूंनी त्यांना ‘नेगुस’ केलं, म्हणजे सम्राज्ञी राजधानीत असताना तिथेच दुसरा राजा. हे अनेकांना खुपलं. सम्राज्ञींचे पती रास गुग्सा वेले यांनी उठाव केला आणि 31 मार्च 1930 रोजी ते लढाईत मारले गेले. दोनच दिवसांनी, 2 एप्रिलला, झौदितूही वारल्या.

2 नोव्हेंबर 1930 रोजी अदिस अबाबाच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये तफारींना सम्राटपदाचा मुकुट चढला. पत्नी मेनेन यांचाही त्याच दिवशी अभिषेक झाला. ब्रिटनच्या राजाने आपला मुलगा ड्यूक ऑफ ग्लॉस्टर याला पाठवलं होतं. गोऱ्या राजांचे दूत एका कृष्णवर्णीय सम्राटाच्या अभिषेकाला मानाने हजर राहिलेले फोटो जगभर छापून आले. जमैका तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. तिथे उसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी ते फोटो पाहिले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना करून पाहावी.

मग या पंथाला ‘हैले सेलासी’ऐवजी जुन्या किताबाचं नाव का?

कारण जगाच्या ओठांवर तेच नाव होतं. राष्ट्रसंघ, युरोप दौरा, वर्तमानपत्रं, सगळीकडे एक तपभर ‘रास तफारी’ हेच छापून येत होतं. जमैकात लेनर्ड हॉवेल, जोसेफ हिबर्ट, आर्चिबाल्ड डंकली आणि रॉबर्ट हाइंड्स हे चौघे 1930 नंतर जवळपास एकाच सुमारास उपदेश करू लागले, तेव्हा लोकांना लगेच कळणारं नाव हेच होतं.

हॉवेल सम्राटांचे फोटो एका शिलिंगाला एक असे विकत. आपला राजा पाचवा जॉर्ज नाही, हा आहे, असं ते सभांमधून उघड सांगत. मार्च 1934 मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. एक शिलिंगाच्या फोटोची वसाहतीच्या सरकारला एवढी धास्ती वाटावी, यातच त्या फोटोचं वजन कळतं.

माझ्या मते आणखीही एक गोष्ट आहे. सम्राटपदाची नावं चर्चने आणि दरबाराने दिलेली. ‘रास तफारी’मध्ये एका हाडामांसाच्या माणसाचं नाव आहे आणि त्याने मिळवलेला हुद्दा आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावं मळ्याच्या मालकांनी पुसून टाकली, त्यांना हे नाव जवळचं वाटलं यात नवल नाही.

‘यहूदाचा सिंह’, ‘राजांचा राजा’ ही बिरुदं कुठून आली?

इथिओपियाचं राजघराणं आपली वंशावळ राजा सॉलोमन आणि शेबाची राणी मकेदा यांच्यापर्यंत नेतं. त्यांचा मुलगा मेनेलिक पहिला, आणि त्याच्याबरोबर कराराचा कोश (बायबलमधल्या दहा आज्ञांच्या शिळा ठेवलेली पेटी) इथिओपियातल्या अक्सुमला आला, अशी कथा ‘केब्रा नगस्त’ या 14 व्या शतकातल्या गीझ ग्रंथात आहे. इतिहासाच्या कसोटीवर पाहिलं तर हे घराणं 1270 मध्ये येकुनो अम्लाक यांच्यापासून सत्तेवर आलं. सॉलोमनशी असलेलं नातं ही श्रद्धा, पण इतकी भक्कम की 1955 च्या राज्यघटनेतही ती लिहिली होती.

‘यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे’ हे वाक्य बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातलं, अध्याय 5, ओवी 5. इथिओपियाचे राजे ते आपल्या शिक्क्यावर वापरत. अनेक अभ्यासकांचं म्हणणं असं की तिथला सिंह म्हणजे ख्रिस्त, आणि शिक्क्यावरचं वाक्य हे राजाचं वर्णन नसून त्याच्या श्रद्धेचा उद्घोष आहे. ‘राजांचा राजा’ हे शब्दही प्रकटीकरणात येतात, अध्याय 19 मध्ये, ख्रिस्तासाठी. जमैकाचे भाविक लहानपणापासून बायबल वाचत आलेले. त्यांनी वर्तमानपत्रात ही बिरुदं एका जिवंत माणसाच्या नावापुढे पाहिली आणि भविष्यवाणी खरी झाली असं मानलं. या श्रद्धेचा उगम समजून घ्यायचा तर इथे थांबून विचार करायला हवा.

‘आफ्रिकेकडे पाहा, तिथे काळ्या राजाला मुकुट चढेल’ असं जमैकाचे नेते मार्कस गार्वी म्हणाले होते ना?

हे वाक्य त्यांच्या नावावर सर्रास सांगितलं जातं, पण त्यांच्या लिखाणात ते या शब्दांत सापडलेलं नाही. गार्वींनी 1914 मध्ये किंग्स्टनला स्थापन केलेल्या संघटनेने काळ्या लोकांना आफ्रिकेचा अभिमान शिकवला आणि रस्ताफारी त्यांना प्रेषिताचा मान देतात. स्वतः गार्वींनी मात्र इटलीच्या आक्रमणात देश सोडून गेल्याबद्दल सम्राटांवर 1937 मध्ये आपल्या मासिकातून कडक टीका केली होती.

सम्राट स्वतःला देव मानत होते का?

नाही. ते इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि 1967 च्या एका मुलाखतीत आपण मर्त्य माणूस आहोत असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पण 21 एप्रिल 1966 चा दिवस विसरता येत नाही. त्यांचं विमान किंग्स्टनला उतरलं तेव्हा लाखभर लोक जमले होते. अडथळे तोडून गर्दी धावपट्टीवर शिरली, थेट विमानाला भिडली. सम्राट दारात आले आणि परत आत गेले. शेवटी मॉर्टिमर प्लॅनो हे रस्ताफारी वडीलधारे जिन्याने वर गेले, त्यांच्याशी बोलले, लोकांना वाट द्यायला सांगितली, आणि मग सम्राट खाली उतरले. ज्यांना तोवर पोलीस जटांना धरून हाकलत होते, त्यांच्यातल्या एकाच्या शब्दावर त्या दिवशी सरकारी सोहळा पुढे सरकला. रस्ताफारी हा दिवस आजही ‘ग्राउनेशन डे’ म्हणून पाळतात.

सगळे रस्ताफारी एकसारखंच मानतात असंही नाही. कुणी त्यांना साक्षात देव मानतं, कुणी ख्रिस्ताचा राजस अवतार, कुणी ईश्वराने निवडलेला राजा.

रस्ताफारी स्वतःच्या नावापुढे ‘रास’ का लावतात?

बंधुत्वाचा आणि स्वाभिमानाचा मान म्हणून. सम्राटाने द्यायचा किताब इथे सामान्य माणसाने स्वतःच्या माथ्यावर घेतला. स्त्रियांना ‘एम्प्रेस’ म्हणतात, सम्राज्ञी मेनेन यांना स्मरून. ‘हैले सेलासी पहिले’ यातला ‘पहिले’ दाखवणारा रोमन आकडा इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा दिसतो. तो ते ‘आय’ असाच वाचतात, आणि ‘मी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचं नातं जोडतात. ‘आय अँड आय’ म्हणजे मी, तू आणि आपल्यातला देव, वेगळे न काढलेले.

याचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तोही किताबाचाच. लेनर्ड हॉवेल यांनी आपलं पत्रक ‘जी. जी. मराग’ या टोपणनावाने छापलं. ‘मराग’ म्हणजे ‘महाराज’. 1845 पासून ब्रिटिशांनी सुमारे 36 हजार भारतीय मजूर करारावर जमैकात नेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्या बोलीतून हा शब्द तिथे रुजला. ‘गांजा’ हा शब्दही त्यांच्याबरोबरच गेला आणि रस्ताफारींच्या उपासनेत आजही तसाच उच्चारला जातो.

सम्राटांचे चुलतबंधू रास इमरू 1950 च्या दशकात दिल्लीत इथिओपियाचे राजदूत होते. आणि महाराष्ट्राचा धागा तर कितीतरी जुना. ‘हबशी’ हा आपला शब्द इथिओपियाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातूनच गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत पोहोचला होता.

‘रास’ हा किताब आजही अस्तित्वात आहे का?

राज्याचा किताब म्हणून नाही. सप्टेंबर 1974 मध्ये ‘दर्ग’ या लष्करी मंडळाने सम्राटांना पदच्युत केलं आणि मार्च 1975 मध्ये राजेशाहीबरोबर सगळे किताब रद्द केले. सम्राट 27 ऑगस्ट 1975 रोजी कैदेत वारले. त्यांचे अवशेष 1992 मध्ये राजवाड्याच्या आवारात जमिनीखाली सापडले आणि 5 नोव्हेंबर 2000 रोजी अदिस अबाबाच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये त्यांचं दफन झालं. अनेक रस्ताफारी त्यांचा मृत्यू झाला असं मानतच नाहीत.

मराठीत हा शब्द कसा लिहावा?

माणसाबद्दल लिहिताना ‘रास तफारी’, दोन शब्द. अम्हारिक उच्चार ‘रास तॅफॅरी’च्या जवळ जातो. श्रद्धा आणि अनुयायी यांच्यासाठी ‘रस्ताफारी’ रुळलेलं आहे, जमैकात शेवटचं अक्षर ‘राय’ असं ऐकू येतं. ‘रस्ताफारीवाद’ मात्र टाळावं. शब्दाला ‘वाद’ जोडणं अनुयायांना आवडत नाही. त्यांच्या दृष्टीने ‘वाद’ हे ज्या व्यवस्थेने त्यांना गुलाम केलं तिचं लक्षण आहे, आणि त्यांनी स्वतःसाठी निवडलेलं नाव तसंच्या तसं वापरणं हे आपल्याला सहज जमण्यासारखं आहे.